ही राशी नेमकी कोणाची? केंद्रकीय भौतिकीतल्या संज्ञांचा गुंता

प्रश्न थोडक्यात असा आहे: पदवीला केंद्रकीय भौतिकी शिकतो आहे, व्याख्या पाठ आहेत, तरी तीन ठिकाणी अडतो. विखंडनातही (जड केंद्रक फुटणे) ऊर्जा मिळते आणि संमीलनातही (हलकी केंद्रके जुळणे), हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे? अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रके क्षय पावायला लागणारा काळ, जितके मोठे तितका पदार्थ धोकादायक, हे बरोबर का? आणि अणुभट्टी ‘क्रिटिकल’ झाली ही बातमी आनंदाची कशी?

किरणमापनाच्या प्रयोगशाळेत पंचवीसेक वर्षे डिटेक्टरांच्या संगतीत काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की या विषयात माणूस गणितात कमी आणि नावांत जास्त अडकतो. व्याख्या तोंडपाठ असते, पण ही राशी नेमकी कोणाची, हे कोणी विचारलेले नसते. अर्धायुष्य केंद्रकाच्या जातीचे असते. सक्रियता, म्हणजे ॲक्टिव्हिटी, समोर ठेवलेल्या नमुन्याची असते. मात्रा, म्हणजे डोस, घेणाऱ्याची असते. क्रॉस-सेक्शन, म्हणजे अभिक्रिया घडण्याच्या शक्यतेचे माप, एकट्याचे कधीच नसते, ते जोडीचे असते. आणि ‘क्रिटिकल’ असणे हा पदार्थाचा गुण नाही, साऱ्या मांडणीचा आहे. तुमचे तिन्ही प्रश्न इथेच सुटतात.

मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘किरणोत्सर्ग’ या एकाच शब्दाला आपण तीन कामांना जुंपले आहे: केंद्रक आपोआप बदलण्याचा गुण, त्यातून बाहेर पडणारे किरण, आणि सांडलेला किंवा उडालेला किरणोत्सारी पदार्थ. ‘किरणोत्सर्ग पसरला’ असे वाचले की यातले नेमके काय पसरले ते कळायला मार्ग नसतो. मी पहिल्याला किरणोत्सारिता, दुसऱ्याला प्रारण आणि तिसऱ्याला दूषण म्हणेन.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या सुमारे ७ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे १०⁻¹⁵ मीटर) आहे, अणूची त्याच्या वीस हजार पट. १९०९ मध्ये गायगर आणि मार्सडेन यांना सोन्याच्या पातळ पत्र्यावरून काही अल्फा कण (म्हणजे हेलियमची केंद्रके) चक्क मागे फिरलेले दिसले, आणि १९११ मध्ये रदरफर्डने त्यावरून केंद्रकाची कल्पना मांडली. न्यूट्रॉन सापडायला १९३२ उजाडले. तो चॅडविकने शोधला. केंद्रकाची त्रिज्या न्यूक्लिऑनांच्या (म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या) संख्येच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजेच घनता सगळ्या केंद्रकांत जवळपास सारखी असते. न्यूक्लिऑन फक्त शेजाऱ्यालाच धरतो, दूरच्याला नाही, असा याचा अर्थ. हे लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

आता बंधन ऊर्जा. पहिली गाठ इथेच पडते, कारण नावावरून वाटते की ही केंद्रकात साठवलेली ऊर्जा असावी. ती साठवलेली नसते, ती आधीच बाहेर गेलेली असते. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सुटे तोलले तर वस्तुमान ४.०३१९ अणुवस्तुमान एकक भरते. त्यांचेच हेलियम केंद्रक तोलले तर ४.००१५. मधला ०.०३०४ एककांचा फरक म्हणजे २८.३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (केंद्रकीय ऊर्जेचे नेहमीचे एकक), आणि चौघे एकत्र येताना ही ऊर्जा निघून गेली. केंद्रक पुन्हा सुटे करायचे असेल तर तितकी भरावी लागेल. मी वर्गात विहिरीचे उदाहरण देतो: दगड जितका खोल पडला, तितका मोठा आवाज पडतानाच झाला, आणि तितकेच कष्ट तो वर काढायला. तळाशी बसलेल्या दगडात ‘आवाज साठवला आहे’ असे कोणी म्हणत नाही.

प्रश्न मग उरतो तो दर न्यूक्लिऑनमागे विहीर किती खोल, एवढाच. ड्यूटेरॉनमध्ये (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) ती जेमतेम १.१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, हेलियम-४ मध्ये ७.१, लोखंडाच्या आसपास ८.८, आणि युरेनियमपर्यंत पुन्हा उथळ होत सुमारे ७.६. हलक्या केंद्रकात बहुतेक न्यूक्लिऑन पृष्ठभागावर असतात, त्यांना शेजारी कमी, म्हणून पकड सैल. जड केंद्रकात शेजाऱ्यांची पकड तेवढीच राहते, पण प्रोटॉनांचे विद्युत प्रतिकर्षण लांबवर पोचते आणि प्रत्येक प्रोटॉन बाकीच्या सगळ्यांना ढकलतो. दोन्ही टोकांना विहीर उथळ आणि मधे खोल. त्यामुळे हलकी केंद्रके जोडली तरी मधल्या खोलीकडे घसरण, आणि जड केंद्रक फोडले तरी मधल्या खोलीकडेच घसरण. दोन्ही वेळा ऊर्जा बाहेर. लोखंडाजवळची केंद्रके जोडून काही मिळत नाही, फोडूनही नाही.

आकडे घालून पाहा. युरेनियम-२३५ फुटताना दर न्यूक्लिऑनमागे ०.९ च्या आसपास फरक पडतो. २३५ ने गुणले की सुमारे २०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड रूपांच्या संमीलनात एकूण १७.६ मिळतात, म्हणजे एका घटनेत विखंडन कितीतरी पुढे. पण तिथे न्यूक्लिऑन पाचच आहेत. दर न्यूक्लिऑनमागे ३.५, म्हणजे विखंडनाच्या चौपट. ‘कोणात जास्त ऊर्जा’ या वादात दोन्ही बाजू बरोबर असतात, कारण एक जण दर घटनेमागे मोजतो आणि दुसरा दर किलोमागे.

आणखी एक गैरसमज इथेच खुडून टाकतो. विखंडनात ‘प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे ऊर्जेत रूपांतर होते’ असे लिहिलेले आढळते. एकही न्यूक्लिऑन नाहीसा होत नाही. आधी आणि नंतर मोजून पाहा, हिशेब जुळतो. कमी होते ते एकूण वस्तुमान, कारण नवी मांडणी अधिक घट्ट आहे. (जाता जाता: सर्वांत घट्ट केंद्रक म्हणून लोखंड-५६ चे नाव सांगितले जाते. दर न्यूक्लिऑनमागे बंधन ऊर्जा खरे तर निकेल-६२ ची सर्वाधिक आहे. दर न्यूक्लिऑनमागे वस्तुमान सर्वांत कमी असण्याचा मान लोखंड-५६ चा. न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किंचित जड असल्याने या दोन गोष्टी वेगळ्या पडतात.)

दुसरी गाठ अर्धायुष्याची. केंद्रकाला वय नसते, ही गोष्ट आधी मनात रुजवायला हवी. दहा हजार वर्षांपूर्वी तयार झालेले रेडियमचे केंद्रक आणि काल तयार झालेले, दोघांचीही पुढच्या सेकंदात क्षय पावण्याची शक्यता तंतोतंत सारखी. म्हातारपण नाही, झीज नाही. ठरावीक शक्यता आणि भलीमोठी संख्या, यांतून घातांकी ऱ्हास आपोआप येतो. दहा अर्धायुष्यांनंतर १,०२४ पैकी १ भाग उरतो.

ही शक्यता जातीनुसार किती बदलावी? युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षे आहे आणि अल्फा क्षयाची ऊर्जा ४.२७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. पोलोनियम-२१२ ची ऊर्जा ८.९५, आणि अर्धायुष्य सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट. ऊर्जा फक्त दुप्पट झाली आणि अर्धायुष्यात १० चा २३ वा घात ओलांडेल इतका फरक पडला. हे कोडे १९२८ मध्ये सुटले, एकीकडे गॅमोने आणि दुसरीकडे गर्नी व कॉन्डन यांनी सोडवले. अल्फा कणाला बाहेर पडायला विद्युत प्रतिकर्षणाची भिंत आडवी येते आणि ती चढण्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे नसते. तो भिंतीतून आरपार जातो, आणि आरपार जाण्याची शक्यता भिंतीच्या जाडीवर घातांकी अवलंबून असते. ऊर्जा थोडी वाढली की वाटेतली भिंत पातळ होते, बाकीचे काम घातांक करतो. क्वांटम यांत्रिकी केंद्रकाच्या आतही चालते, याचा पहिला पक्का पुरावा मला हाच वाटतो.

बीटा क्षयाबद्दल एकच सांगतो: बाहेर आलेला इलेक्ट्रॉन आधी आत नव्हता. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना तो तिथल्या तिथे जन्मतो, सोबत प्रतिन्यूट्रिनो घेऊन. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ठरावीक न येता शून्यापासून कमालमर्यादेपर्यंत विखुरलेली येते, हे पाहून पाउलीने १९३० मध्ये या न दिसणाऱ्या भागीदाराची कल्पना मांडली, आणि कावन व राइन्स यांना तो १९५६ मध्ये प्रत्यक्ष सापडला. गॅमा तर वेगळ्या जातीचा क्षयच नव्हे. अल्फा किंवा बीटा क्षयानंतर उत्तेजित राहिलेले नवे केंद्रक शांत होताना जो फोटॉन सोडते तो गॅमा. म्हणून ‘कोबाल्ट-६० चे गॅमा’ प्रत्यक्षात निकेल-६० चे असतात, आणि सीझियम-१३७ च्या नावावर खपणारी ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा बेरियमची. नाव बापाचे, आवाज मुलाचा.

तापमान, दाब, रासायनिक संयुग यांनी अर्धायुष्य बदलत नाही, हे पुस्तकातले वाक्य जवळजवळ खरे आहे. जवळजवळ म्हणतो, कारण रेनियम-१८७ चे अर्धायुष्य सुमारे ४,२०० कोटी वर्षे असले, तरी त्याचे सगळे इलेक्ट्रॉन काढून नुसते केंद्रक उरवले तेव्हा ते ३३ वर्षांवर आले. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या डार्मस्टाट इथे हा प्रयोग झाला. मोकळ्या पडलेल्या कक्षेत नव्या इलेक्ट्रॉनला जागा मिळते आणि बीटा क्षयाची वाट सोपी होते.

आता ‘अर्धायुष्य मोठे म्हणजे धोका मोठा’ हे वाक्य. सक्रियता म्हणजे सेकंदाला किती केंद्रकांचा क्षय होतो ते, एकक बेक्वेरेल. ती काढायची तर केंद्रकांची संख्या क्षयांकाने (एका केंद्रकाची दर सेकंदाला क्षय पावण्याची शक्यता) गुणायची, आणि क्षयांक अर्धायुष्याच्या व्यस्त असतो. त्यामुळे तेवढ्याच वस्तुमानात मोठे अर्धायुष्य म्हणजे कमी सक्रियता. एक ग्रॅम युरेनियम-२३८ ची सक्रियता सुमारे १२,४०० बेक्वेरेल, आणि आठ दिवसांचे अर्धायुष्य असलेल्या एक ग्रॅम आयोडीन-१३१ ची ४,६०० लाख कोटींच्या आसपास. वाक्य जवळपास उलटे आहे. पण पूर्ण उलटेही धरू नका. फार लहान अर्धायुष्याचे पदार्थ पाहता पाहता संपतात. फार मोठ्यांचे तर आळशी. त्रास खरा मधल्यांचा: सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०, दोघेही तीसेक वर्षांचे, म्हणजे जोमाने क्षय पावण्याइतके तरुण आणि माणसाच्या आयुष्यभर टिकण्याइतके चिवट. शिवाय पदार्थ शरीरात कुठे जाऊन बसतो हे पाहावे लागते. आयोडीन थायरॉइडमध्ये साठते, स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या वेषात हाडात शिरते. धोक्याचा अंदाज नुसत्या अर्धायुष्यावरून बांधणे म्हणजे माणसाची उंची विचारून वजन सांगण्यासारखे.

बेक्वेरेल हा शब्द ऐकून दचकूही नये. प्रौढ माणसाच्या शरीरात नैसर्गिक पोटॅशियम-४० चे चार हजारांहून अधिक क्षय दर सेकंदाला चालू असतात.

इथे माझी एक जुनी फजिती सांगतो. उमेदवारीच्या काळात एका नमुन्याची सक्रियता मी अहवालात लिहिली, ती खऱ्या आकड्याच्या जेमतेम तिसाव्या हिश्शाइतकी होती. मी डिटेक्टरची मोजणी थेट बेक्वेरेल म्हणून उतरवली होती. मोजणी आणि क्षय यांच्यामध्ये तीन गाळण्या असतात: क्षय झाला तरी प्रत्येक वेळी तो गॅमा निघतोच असे नाही (सीझियम-१३७ मध्ये ८५ टक्के क्षयांतच ६६२ ची रेषा मिळते), निघालेले किरण सगळीकडे जातात आणि डिटेक्टर एकाच बाजूला असतो, आणि डिटेक्टरवर पडलेल्यातलेही सगळे नोंदले जात नाहीत. मोजणी डिटेक्टर आणि नमुना या जोडीची असते, सक्रियता एकट्या नमुन्याची. वरिष्ठांनी अहवालावर लाल शाईने एकच शब्द लिहिला होता: ‘कोणाची?’ तेव्हापासून ही सवय.

मात्रा आणखी पुढची गोष्ट. ग्रे म्हणजे दर किलो ऊतीत शोषलेली एक जूल ऊर्जा. आता ही गंमत पाहा: संपूर्ण शरीराला थोड्या वेळात चारेक ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर सुमारे निम्मी माणसे दगावतात. पण किलोला चार जूलने शरीराचे तापमान वाढते अंशाच्या हजाराव्या भागाने. कोमट पाण्याच्या एका घोटात याहून जास्त उष्णता असते. इजा उष्णतेने होत नाही, ती ऊर्जा मोजक्या रेणूंवर, विशेषतः डीएनएवर, एकवटून पडते म्हणून होते. अल्फा कण आपली ऊर्जा फार दाटीने टाकतो, म्हणून ग्रेवरून सीव्हर्ट (जैविक परिणाम धरून मोजलेली मात्रा) काढताना त्याला २० ने गुणतात आणि गॅमाला १ ने. तोच अल्फा हवेत काही सेंटिमीटरांत थांबतो आणि त्वचेच्या मृत थरातही. बाहेर असेल तर निरुपद्रवी, आत गेला तर वाईट. त्यामुळे नुसता बेक्वेरेलचा आकडा पाहून मात्रा सांगता येत नाही.

प्रारण आणि दूषण यांतला भेदही इथेच बसतो. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेली वस्तू किरणोत्सारी होत नाही, १.१७ आणि १.३३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे हे फोटॉन केंद्रकातून न्यूट्रॉन उपटायला अपुरे आहेत. दिव्याखाली ठेवलेले भांडे दिवा होत नाही, तसेच. न्यूट्रॉनांचे मात्र तसे नाही. ते केंद्रकात शिरून राहतात आणि वस्तू खरोखरच किरणोत्सारी होऊ शकते.

न्यूट्रॉन आलाच आहे तर क्रॉस-सेक्शनकडे वळू. एकक बार्न, म्हणजे १०⁻²⁸ चौरस मीटर. इंग्रजीत धान्याच्या कोठाराला बार्न म्हणतात आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते थट्टेत रूढ झाले. नाव ‘छेदाचे क्षेत्रफळ’ असले, तरी ते केंद्रकाचे क्षेत्रफळ नव्हे. झेनॉन-१३५ चे भौमितिक क्षेत्रफळ सुमारे १.२ बार्न भरते, पण मंद न्यूट्रॉन गिळण्याचे त्याचे क्रॉस-सेक्शन २६ लाख बार्न आहे. मंद न्यूट्रॉनची तरंगलांबी अणूच्या आकाराइतकी असते, त्याला केंद्रकाची कडा दिसतच नाही; शिवाय झेनॉनच्या बाबतीत त्याची ऊर्जा केंद्रकाच्या एका अनुस्पंदी पातळीशी नेमकी जुळते. म्हणजे ही राशी केंद्रकाची नाही, न्यूट्रॉनचीही नाही. हे केंद्रक, हा कण, ही ऊर्जा आणि ही अभिक्रिया, एवढे सगळे सांगितल्याशिवाय क्रॉस-सेक्शनचा आकडा अर्धवट आहे. युरेनियम-२३५ च्या विखंडनाचे क्रॉस-सेक्शन मंद न्यूट्रॉनसाठी ५८५ बार्न, आणि विखंडनातून नुकत्याच निघालेल्या वेगवान न्यूट्रॉनसाठी एकाच्या आसपास. अणुभट्टीत मंदायक (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा पदार्थ) का लागतो, ते या दोन आकड्यांत आले. हायड्रोजनवर आपटत गेला तर न्यूट्रॉन अठराएक टकरींत मंद होतो, कार्बनवर शंभराहून जास्त लागतात. समान वजनाच्या चेंडूला धडकून वेग सर्वांत लवकर जातो.

झेनॉनने एकदा मोठमोठ्यांची झोप उडवली होती. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेत हॅनफर्ड इथली बी अणुभट्टी सुरू झाली, काही तास नीट चालली आणि मग आपोआप विझत गेली. काही तासांनी पुन्हा आपोआप जिवंत झाली. विखंडनात तयार होणारे आयोडीन-१३५ साडेसहा तासांच्या अर्धायुष्याने झेनॉन-१३५ होत होते, ते न्यूट्रॉन गिळत होते, आणि भट्टी थांबल्यावर नऊ तासांच्या अर्धायुष्याने स्वतः संपत होते. हे ओळखले फर्मी आणि व्हीलर यांनी, आणि तेही विझण्या-उजळण्याच्या घड्याळावरून. सुदैवाने अभियंत्यांनी मूळ १,५०० ऐवजी २,००४ इंधननळ्यांची सोय केलेली होती. जास्तीचे इंधन भरून झेनॉनची भूक भागवता आली.

आता तिसरा प्रश्न. मराठीत ‘पेशंट क्रिटिकल आहे’ म्हटले की नातेवाईक धावत सुटतात, म्हणून भट्टी क्रिटिकल झाली हे ऐकून पोटात गोळा येतो. अर्थ इतकाच आहे: एका विखंडनातून निघालेल्या न्यूट्रॉनांपैकी सरासरी नेमका एक पुढचे विखंडन घडवतो. गुणक १. साखळी ना वाढते, ना विझते. चालू भट्टी रोज, तासन्‌तास क्रिटिकलच असते. नसेल तर ती बंद पडते आहे किंवा तिची शक्ती वाढवली जाते आहे. शिवाय क्रिटिकल असणे आणि शक्ती किती, यांचा संबंध नाही. २ डिसेंबर १९४२ ला शिकागोत माणसाने प्रथमच टिकाऊ साखळी चालवली, तेव्हा शक्ती होती अर्धा वॉट.

गुणक १.००१ झाला तर? पिढ्या सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात बदलत असतील, तर एका सेकंदात शक्ती वीस हजार पटींहून जास्त होईल आणि कुठलीही यंत्रणा तेवढ्या चपळाईने सावरू शकणार नाही. सावरते ते विलंबित न्यूट्रॉनांमुळे. युरेनियम-२३५ मध्ये ०.६५ टक्के न्यूट्रॉन विखंडनाच्या क्षणी न निघता, तुकड्यांच्या बीटा क्षयानंतर, काही सेकंदांनी निघतात. साखळी चालू राहायला या उशिरा येणाऱ्यांची गरज पडत असेल तोवर सगळी साखळी त्यांच्या चालीने चालते, आणि तीच वाढ सेकंदाला एक-दोन टक्क्यांवर येते. न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे निवांत हलवायला तेवढे पुरते. अणुभट्टी चालवता येते ती शंभरातल्या एकाहून कमी अशा या उशीर करणाऱ्यांच्या जिवावर. केंद्रकीय भौतिकीतला हा माझा सर्वांत आवडता आकडा आहे.

धोका क्रिटिकल होण्यात नाही. विलंबित न्यूट्रॉनांची वाट न पाहता, केवळ तात्काळ न्यूट्रॉनांवर साखळी क्रिटिकल होणे, हा धोका. आणि तो पदार्थात नसून मांडणीत असतो, याचे दुःखद उदाहरण अमेरिकेतल्या लॉस अलामॉस या अण्वस्त्र प्रयोगशाळेत घडले. ६.२ किलो प्लुटोनियमचा एक गोळा टेबलावर निमूट पडून राहत असे. २१ ऑगस्ट १९४५ ला हॅरी डॅग्लियन यांच्या हातून टंगस्टन कार्बाइडची एक वीट त्यावर निसटली. २१ मे १९४६ ला लुई स्लोटिन यांनी स्क्रूड्रायव्हरने उचलून धरलेला बेरिलियमचा अर्धगोल खाली घसरला. दोन्ही वेळा प्लुटोनियम तेच आणि तेवढेच होते. बाहेर निसटणारे न्यूट्रॉन त्या विटेने आणि त्या अर्धगोलाने परत आत फिरवले, एवढाच फरक. डॅग्लियन पंचविसाव्या दिवशी गेले, स्लोटिन नवव्या.